शनिवारचे वीस प्रश्न: आधी उत्तर लिहा, मग बघा

चाळीतला_दिवा | शनिवार, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं आमच्या घरी दर शनिवारी रात्रीची जेवणं उरकली की सामान्यज्ञानाचे वीस प्रश्न सोडवायचा नेम आहे. प्रश्न आमचे नसतात. पेपरच्या पुरवणीत येतात आणि उत्तरं त्याच पानाच्या तळाशी उलटी छापलेली असतात. बाबा पानाचा तो भाग दुमडतात आणि वर पोह्यांचा डबा ठेवतात. विसावा प्रश्न होईपर्यंत डबा हलत नाही.

गिरगावात राहत होतो तेव्हा हे सगळं चाळीच्या गॅलरीत चालायचं. शेजारच्या खोल्यांतून माणसं खुर्च्या घेऊन येत, कोणी उभ्या उभ्याच दोन उत्तरं सांगून पाणी भरायला जाई. आता इमारत पुनर्विकासाला गेली आहे. आईबाबा गोरेगावला भाड्याच्या घरात, भाऊ ठाण्याला आणि मी बोरिवलीला. त्यामुळे खेळ व्हिडिओ कॉलवर आला. डबा मात्र अजून कॅमेऱ्यासमोर ठेवतात.

धागा काढायचं कारण म्हणजे आमचा एक नियम. तो मला फार मोलाचा वाटतो, आणि तुमच्याकडे असं काही आहे का हे जाणून घ्यायचं आहे.

प्रत्येकाने वहीत उत्तर लिहायचंच, जागा कोरी सोडायची नाही. उत्तरापुढे एक अक्षर लिहायचं: 'प' म्हणजे पक्कं, 'ब' म्हणजे बहुतेक, 'अं' म्हणजे अंदाज. मग सगळ्यांनी आपापलं उत्तर अक्षरासकट मोठ्याने वाचायचं. त्यानंतर डबा उचलायचा.

आधी हे अक्षर नव्हतं. तेव्हा उत्तर कळलं की प्रत्येक जण म्हणायचा, "हां, मला तेच वाटत होतं." आणि खरंच वाटत असे. उत्तर वाचल्याबरोबर ते आपल्याला आधीपासून ठाऊक होतं असं वाटायला लागतं. लिहून ठेवलं की ती पळवाट बंद होते.

माझ्या वहीतली दोन उदाहरणं देतो. 'भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?' मी लिहिलं हॉकी, प. उत्तर होतं, अधिकृतपणे कोणताही नाही. शाळेत वर्षानुवर्षं घोकलेलं होतं ते. दुसरं, 'ज्ञानपीठ मिळालेले पहिले मराठी साहित्यिक कोण?' मी लिहिलं कुसुमाग्रज, प. आईने लिहिलं होतं खांडेकर, तेही प. आई बरोबर होती. खांडेकरांना १९७४ चा पुरस्कार मिळाला, कुसुमाग्रजांना १९८७ चा. त्यानंतर २००३ चा विंदांना आणि २०१४ चा नेमाड्यांना. हा क्रम मी आता जन्मात विसरणार नाही. बरोबर आलेली शेकडो उत्तरं मात्र वहीत पाहिल्याशिवाय आठवत नाहीत.

वर्षाची एकूण बेरीज आम्ही ठेवत नाही. पहिली दोन वर्षं ठेवली होती. एक आतेभाऊ सतत शेवटच्या क्रमांकावर राहायचा. हळूहळू त्याने यायचंच सोडलं. बेरीज थांबवली, तसा तो परत आला. त्या रात्री आईने शिरा केला होता.

तुम्ही कसं खेळता ते लिहा. सोबत आपल्या मुंबईचे (एक राज्याचा) सहा प्रश्न देतो. फोनवर न शोधता, प-ब-अं लावून उत्तरं द्या. उत्तरं सोमवारी रात्री.

१. भारतातला पहिला कसोटी क्रिकेट सामना मुंबईत झाला. कोणत्या मैदानावर?
२. विजेवर धावणारी पहिली लोकल कुठून कुठे गेली?
३. आपल्या पत्त्यातल्या सहा आकडी पिनकोडची पद्धत कोणी आखली?
४. ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती आज कुठे आहे?
५. राजाबाई टॉवरमधल्या राजाबाई कोण?
६. महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं?

---

सव्वासातची_लोकल | शनिवार, रात्री १०:३१

किती सुंदर धागा! आम्ही हे विरार फास्टच्या लेडीज डब्यात करतो.

पुरवणी शनिवारची असली तरी आम्ही ती सोमवारी उघडतो, कारण शनिवारी अर्ध्या जणींना सुट्टी असते. बोरिवली सुटलं की एक जण पाच प्रश्न वाचते. अंधेरी आल्याशिवाय उत्तर नाही. मधल्या वेळात मटार सोलणं, गजरा माळणं, फोनवर मुलांना उठवणं, सगळं चालू असतं आणि डोक्यात प्रश्न घोळत असतो. तो मधला वेळच खरा खेळ आहे. लगेच उत्तर मिळालं असतं तर दादरपर्यंत मी ते विसरले असते.

एकदा प्रश्न होता, महाराष्ट्राचा राज्यमासा कोणता. आमच्यातली एक म्हणाली बोंबील, एक म्हणाली सुरमई. दाराशी उभ्या असलेल्या एक मावशी, आमच्या ग्रुपमधल्या नव्हेत, मागे वळून म्हणाल्या, "पापलेट. आमच्या सातपाटीला येऊन सांगून गेले." सिल्व्हर पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. मावशींनी मग अंधेरीपर्यंत पापलेटच्या लहान पिल्लांना जाळ्यात धरू नये, धरली तर पुढे मासाच राहणार नाही, हे इतकं नीट समजावून सांगितलं की बाकीचे चार प्रश्न राहूनच गेले.

माझी उत्तरं: १. वानखेडे (ब) २. चर्चगेट ते बोरिवली (ब) ३. पोस्टातले कोणीतरी, नाव नाही (अं) ४. घारापुरीलाच (प) ५. ज्यांनी टॉवर बांधला त्यांची आई (प) ६. जास्वंद (अं)

---

पाटीपेन्सिल | शनिवार, रात्री ११:१०

१. ब्रेबॉर्न स्टेडियम (प). वानखेडे नंतरचं आहे ताई, तिथे पहिला कसोटी सामना १९७५ च्या जानेवारीत झाला.
२. बोरीबंदर ते ठाणे (ब)
३. अं सुद्धा नाही. पण कोरं सोडायचं नाही म्हणून लिहितो: सर विश्वेश्वरय्या (अं)
४. लंडनच्या संग्रहालयात (ब)
५. प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्री (प)
६. ताम्हण (प). आमच्या शाळेच्या फाटकाशी झाड आहे. एप्रिल-मेमध्ये जांभळ्या फुलांनी भरून जातं.

---

खारी_बटर | शनिवार, रात्री ११:१४

१ ब्रेबॉर्न (प). बाकी उद्या. पण प-ब-अं ही कल्पना आजपासून आमच्या घरी.

---

पंधरा_पैसे | रविवार, सकाळी ८:४०

धागा वाचला. मनापासून एक शंका विचारतो, राग नसावा. हे सगळं फोनवर दहा सेकंदांत मिळतं. मुलांवर आधीच पाठांतराचा केवढा भार आहे. सुटी माहिती डोक्यात साठवून नक्की काय हाती लागतं? त्यापेक्षा एक विषय खोलात वाचलेला काय वाईट?

---

चाळीतला_दिवा | रविवार, सकाळी ९:२५

पंधरा_पैसे, राग कसला. हाच प्रश्न मला माझ्या भावाने विचारला होता.

फोनवर दहा सेकंदांत मिळतं हे खरं. पण शोधायला आधी आपल्याला ठाऊक नाही हे कळावं लागतं. हॉकीचं मी चाळीस वर्षं शोधलं नव्हतं, कारण मला ते पक्कं माहीत होतं! जे चुकीचं पक्कं माहीत आहे ते कोणी फोनवर शोधत नाही. ते बाहेर यायला समोरून प्रश्न यावा लागतो आणि चार माणसांत उत्तर उच्चारावं लागतं. मला या खेळाचा खरा उपयोग एवढाच वाटतो, आणि तो मोठा आहे.

खोलात वाचण्याबद्दल सहमत. आमच्याकडे बऱ्याचदा वीसातला एखादा प्रश्न आठवडाभर पुरतो. पंचगंगेच्या पाच नद्या कोणत्या या प्रश्नावर बाबांनी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एवढ्या सांगितल्या आणि पाचवीला अडले. पाचवी सरस्वती, तीही गुप्त. मग नकाशा काढून उगमापासून प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत चारही नद्या बोटाने फिरून झाल्या. रात्रीचा एक वाजला.

---

अबोली_ठाणे | रविवार, सकाळी ११:०२

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर घालते.

चाळीतला_दिवा यांनी घरच्या घरी जे पाहिलंय ते प्रयोगांतही दिसलेलं आहे. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये सामान्यज्ञानाच्या प्रश्नांवर काम केलं. माणसांनी उत्तर द्यायचं आणि त्याची खात्री किती तेही सांगायचं. मग बरोबर उत्तर दाखवायचं आणि नंतर पुन्हा परीक्षा. वाटलं होतं की खात्रीने केलेली चूक खोडायला सर्वांत अवघड असेल. निघालं उलट. ज्या चुकीबद्दल माणूस ठाम होता, तीच पुढच्या वेळी जास्त वेळा दुरुस्त झालेली दिसली. समजूत अशी आहे की ठाम उत्तर चुकलं की माणूस चमकतो आणि बरोबर उत्तराकडे पूर्ण लक्ष देतो. म्हणजे तुमचा 'प' चुकणं ही शिकण्याची सर्वांत चांगली जागा.

दुसरं, नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवायचा प्रयत्न करणं स्मरणात जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग यावर आहे. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून पाहणारे. लोकलवाल्या ताईंचं बोरिवली ते अंधेरी थांबणं म्हणूनच मोलाचं आहे. ती वीस मिनिटं डोकं उत्तर धुंडाळत असतं.

फक्त एक गोष्ट पाळावी. चुकलेलं उत्तर तसंच सोडून उठू नये, बरोबर उत्तर त्याच बैठकीत कळायला हवं.

माझी: १. ब्रेबॉर्न (ब) २. व्हीटी ते कुर्ला (प), माझे आजोबा रेल्वेत होते ३. माहीत नाही, टिळक नावाचे कोणी (अं) ४. राणीच्या बागेत (ब) ५. आई (प) ६. ताम्हण (ब)

---

तिठा | रविवार, दुपारी १:३०

अशा सुट्या माहितीला ज्या शब्दाने जगभर ओळखतात, तो 'ट्रिव्हिया' लॅटिनमधल्या 'ट्रिव्हियम'पासून आला. त्याचा अर्थ तीन रस्ते मिळतात ती जागा. आपल्याकडे कोकणात त्यालाच तिठा म्हणतात. तिठ्यावर उभ्या माणसांच्या तोंडी जे असतं ते सामान्य, रोजचं, असा अर्थ पुढे चिकटला. मला हा शब्द आवडतो म्हणून सभासदनामही तेच घेतलं. आमच्या गावच्या तिठ्यावर एसटीची वाट बघताना मी जे शिकलो ते शाळेइतकंच होतं.

---

जुनी_वही | रविवार, दुपारी ४:१५

मी बारा वर्षं सोसायटीच्या गणेशोत्सवात प्रश्नमंजुषा घेतो आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. खेळणाऱ्याने प्रामाणिक असावं हे बरोबरच. पण प्रश्न काढणाऱ्यावर जबाबदारी त्याहून जास्त असते. वाईट प्रश्नामुळे बरोबर उत्तर देणाऱ्याला चूक ठरवलं जातं, आणि असं दोनदा झालं की माणूस पुन्हा येत नाही.

सर्वांत धोक्याचा शब्द 'पहिला'. 'भारतातली पहिली रेल्वे कधी धावली?' असं विचारलं तर सगळे १६ एप्रिल १८५३ म्हणतील. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. पण ती पहिली प्रवासी रेल्वे. त्याआधी १८३७ मध्ये मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहणारी रेल्वे होती. 'प्रवासी' हा एक शब्द गाळला की प्रश्न चुकला.

तेच सिनेमाचं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' त्याच कोरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला, म्हणजे जवळपास वर्षभर आधी. पण ते नाटकाचं चित्रीकरण होतं आणि छायाचित्रण परदेशी माणसाने केलेलं, म्हणून मान फाळक्यांकडे जातो. प्रश्नात 'पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट' लिहा, भांडण मिटतं.

तेच पहिल्या स्त्री डॉक्टरचं. आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात पदवी घेतली, पण परत आल्यावर लगेचच त्या गेल्या. १८८६ मध्येच कलकत्त्यात कादंबिनी गांगुली. आणि विलायतेहून शिकून येऊन पुढे अनेक वर्षं सुरत-राजकोटला काम केलेल्या रखमाबाई. तिघींनाही न्याय मिळेल असा प्रश्न काढायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली होती.

काही प्रश्न मंजूषेत ठेवूच नयेत, ते गप्पांत ठेवावेत. मशीद बंदर स्टेशनच्या नावातली मशीद कोणती? अनेक जण सांगतात की ते जवळचं यहुदी प्रार्थनास्थळ. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेलं, मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग. बेने इस्रायल मंडळी त्याला मशीदच म्हणत. काही जण हे मानत नाहीत. अशा प्रश्नाला गुण ठेवायचे नाहीत, चहा ठेवायचा.

आणि तिसरी गोष्ट, दुसऱ्याच्या यादीतून प्रश्न उचलू नयेत. अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात मुद्दाम एक खोटी नोंद घातली होती. कोलंबो या टीव्हीवरच्या गुप्तहेराचं पहिलं नाव फिलिप, अशी. कोणी आपल्या पुस्तकावरून नक्कल केली तर पकडता यावी म्हणून. 'ट्रिव्हियल परस्यूट' या खेळात तोच फिलिप छापून आला. वर्थ कोर्टात गेले, पण हरले, कारण माहितीवर कोणाची मालकी नसते असं कोर्टाचं म्हणणं पडलं. खटला गेला तरी चोरी उघडी पडलीच. आपल्याकडे 'युनेस्कोने जन गण मनला सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं' हा खोटा निरोप किती वर्षं फिरतोय बघा, कितीतरी जणांनी तो न तपासता प्रश्न म्हणून विचारलेला असेल. मी प्रत्येक उत्तर निदान दोन ठिकाणी बघतो. मराठी विश्वकोश आता घरबसल्या वाचता येतो, आणि जुनं काही हवं असेल तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जातो.

दिवा, तुमचे सहाही प्रश्न चांगले आहेत. दुसऱ्यात 'पहिली' आहे, पण 'विजेवर धावणारी लोकल' असं बांधून घेतलंत. मी उत्तरं देत नाही, तीन मला नक्की ठाऊक आहेत.

---

पंधरा_पैसे | रविवार, सायंकाळी ६:०५

दिवा आणि अबोलीताई, पटलं. आज दुपारी बायको आणि मुलगा यांच्यासोबत हेच सहा प्रश्न वहीत लिहून सोडवले. मुलाने चौथ्याला 'राणीची बाग' लिहिलं, प लावून. कसं ठाऊक विचारलं तर म्हणाला, शाळेच्या सहलीत पाहिलाय. आम्ही दोघांनी घारापुरी लिहिलं होतं.

---

आंब्याची_कोय | रविवार, रात्री ९:५०

मुलुंडहून लिहिते. आमच्याकडे सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, चौथीनंतर शाळा नाही. पुरवणीतल्या प्रश्नांत राजधान्या, पुरस्कार, कंपन्यांचे मालक असं सगळं असतं, आणि त्या बिचाऱ्या नुसत्या ऐकत बसायच्या. हे मला बरेच महिने टोचत होतं. मग ठरवलं, वीस प्रश्न पुरवणीचे आणि दोन सासूबाईंचे. त्या विचारणार, आम्ही लिहिणार.

त्यांचा पहिलाच प्रश्न: पावसाची नक्षत्रं ओळीने सांगा. आम्हा पाच पदवीधरांत मिळून चार झाली! मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. त्यांनी डोळे मिटून नऊच्या नऊ म्हटली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, हे त्यांच्या माहेरी शेतावर रोजच्या बोलण्यात. भोंडल्याला पाटावर हत्ती का काढतात हे माझ्या मुलीला त्या दिवशी कळलं. हस्त नक्षत्र, म्हणून हत्ती.

आता बुधवारपासूनच त्या विचारतात, "शनिवारला काय विचारू गं?" तुमच्या प्रश्नांत हत्ती आला म्हणून हे आठवलं. त्यांनी सहाव्याला ताम्हण सांगितलं, 'प' लावायला लावून.

---

दूरदर्शनचा_अँटेना | सोमवार, दुपारी १२:२०

आंब्याची_कोय, वाचून डोळे भरून आले.

१९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' सुरू झाला तेव्हा लालबागच्या आमच्या मजल्यावर एकच टीव्ही होता. खोलीत पंचवीस माणसं. पडद्यावरची कॉलेजची मुलं इंग्रजीत उत्तरं देत, आमच्यातल्या निम्म्यांना प्रश्नही नीट कळत नसे. गिरणीत जॉबर असलेले एक काका प्रत्येक प्रश्नाचं पटकन मराठी करून सांगायचे. घंटा वाजायच्या आत त्यांचं मराठी आणि आमचं उत्तर, दोन्ही झालं पाहिजे. त्या धावपळीत मी जेवढं इंग्रजी शिकलो तेवढं वर्गात शिकलो नाही. काकांची गिरणी संपानंतर पुन्हा सुरू झालीच नव्हती. त्या अर्ध्या तासात ते पुन्हा कामावर असल्यासारखे उभे राहायचे.

---

चाळीतला_दिवा | सोमवार, रात्री ९:००

डबा उचलतो.

१. बॉम्बे जिमखाना. १५ डिसेंबर १९३३ ला सुरू झाला. आपला कर्णधार सी. के. नायडू, समोर डग्लस जार्डिन. सामना इंग्लंडने जिंकला, पण लाला अमरनाथ यांनी पदार्पणात ११८ धावा केल्या, भारताचं कसोटीतलं पहिलं शतक. ब्रेबॉर्न तेव्हा नव्हतंच, ते १९३७ चं.

२. व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गाने, ३ फेब्रुवारी १९२५. अबोलीताईंच्या आजोबांना नमस्कार.

३. श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि संस्कृतचे कवी-नाटककारही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा. आपला ४ महाराष्ट्रासोबत गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडलाही आहे. कोकणातला मराठी माणूस, रोजच्या पत्त्यात त्याचं काम, आणि नाव आपल्यातल्या कोणालाही आलं नाही. याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून हा प्रश्न मुद्दाम घेतला होता.

४. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. हत्ती इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता. उचलताना क्रेन तुटली आणि त्याचे तुकडे झाले. म्हणून तो इथेच राहिला, पुढे तुकडे जोडून उभा केला. पाटीपेन्सिल, तुमचं लंडन अगदीच हवेतलं नव्हतं.

५. प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्री. टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्या दृष्टिहीन होत्या, जैन धर्मानुसार सूर्यास्ताआधी जेवायचं असे, घंटेवरून त्यांना वेळ कळे, अशी आख्यायिका सांगतात.

६. ताम्हण. सासूबाईंचा प खरा.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री ९:४०

ब्रेबॉर्नला मी प लावला होता, आणि वर ताईंना दुरुस्तही केलं होतं. ताई, क्षमस्व. तीस वर्षं मुलांना क्रिकेट शिकवतोय आणि रोज जिमखान्यावरून चालत सीएसएमटी गाठतो. उद्या तिथे थांबून नीट बघणार आहे. १५ डिसेंबर १९३३ आता कायमचं बसलं.

---

सव्वासातची_लोकल | मंगळवार, सकाळी ७:५०

पाटीपेन्सिल सर, क्षमा कसली, माझं वानखेडे तर आणखी पुढचं. आज डब्यात वेलणकरांचा प्रश्न विचारला. कोणालाच आला नाही. अंधेरीला उत्तर सांगितलं तेव्हा एका मुलीने लगेच पाकीट काढून आधार कार्डावरचा पिनकोड पाहिला, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा. मग सगळ्यांनीच आपापले आकडे वाचून दाखवले.

---

पंधरा_पैसे | पुढचा रविवार, सायंकाळी ७:१५

आज तिघे राणीच्या बागेत जाऊन आलो. हत्ती पाहिला. जोडल्याच्या खुणा मुलाने हात लांब करून एकेक दाखवल्या. आम्ही तिथे निदान दहा वेळा गेलो असू, पेंग्विन बघायला रांगेत उभे राहिलो असू, आणि हा दगडी हत्ती कधी थांबून पाहिला नव्हता.

परतताना लोकलमध्ये मुलाने एक प्रश्न काढला आणि म्हणाला, दिव्यांच्या घरी पाठव. तो असा: घारापुरी बेट कोणत्या जिल्ह्यात येतं? उत्तर त्याने मला वेगळ्या कागदावर लिहून दिलंय, दोन ठिकाणी तपासून. जुनी_वही यांनी सांगितलं होतं म्हणून.

---

चाळीतला_दिवा | पुढचा रविवार, रात्री १०:२०

प्रश्न आजच घेतला, शनिवारपर्यंत थांबवलं नाही. बाबा: मुंबई शहर (प). भाऊ: मुंबई शहर (ब). मी: मुंबई शहर (प). गेटवेवरूनच तर लाँच सुटते. आईने एकटीने लिहिलं, रायगड (अं). कारण विचारलं तर म्हणाली, उरणची माझी मैत्रीण म्हणायची, घारापुरी आमच्या तालुक्यात आहे.

मुलाला सांगा, डबा उचलायला आम्ही तयार आहोत. कागदावर काय लिहिलंय?

---

पंधरा_पैसे | पुढचा रविवार, रात्री १०:२६

'रायगड जिल्हा, उरण तालुका.' खाली त्याने लिहिलंय: आजींना माझ्याकडून एक गुण जास्त.